दसऱ्यापासून वाहणारा गुडघा

पत्र : सर, आमचं गाव आर्णी तालुक्यात. बाबा ५४ वर्षांचे, सहा एकरांत कापूस आणि तूर. पोळ्याच्या चार दिवस आधी बैल आणताना ते बांधावरच्या बोराटीत पडले आणि उजव्या गुडघ्यात काटा गेला. त्यांनीच पिनेनं काढला. पंधरा दिवसांनी गुडघा सुजला. एका डॉक्टरांनी गुडघ्यात दुखण्याचं इंजेक्शन दिलं. पुढं गळू झालं, दसऱ्याच्या सुमारास चिरा देऊन पू काढला. तेव्हापासून तिथं हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक आहे. दोनदा बुजलं, दोनदा पुन्हा फुटलं. चालले किंवा गुडघा वाकवला की पिवळसर चिकट पाणी येतं, पाय लांब करून पडले की थांबतं. तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या. मांडी बारीक झाली आहे, रात्री झोपेत कण्हतात. बाबा म्हणतात, "काई नाई होत, कापूस घरात आला का बुजते आपोआप." गावात कोणी नासूर म्हणतं, कोणी कॅन्सर. मध्ये एका खासगी दवाखान्यात चार दिवस भरती होते. तिथं 'फिश्चुला' हा शब्द कानावर आला, पण डिस्चार्ज कार्डावर 'डाव्या पायाची न भरणारी जखम' असं लिहून आलं आणि भावाच्या कंपनीच्या विम्यानं दावा परत पाठवला. मी नागपूरला मेडिकल कोडिंगचा (रोग आणि उपचारांना ठरलेले कोड लावण्याचा) क्लास करते, तरी मला याचा कोड नक्की सांगता येईना, याची लाज वाटते. बाबांना कुठं नेऊ? पाय कापावा लागेल का?

उत्तर :

गुडघा वाकवला की पाणी येतं आणि पाय लांब केला की थांबतं, ही तुझ्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ आहे. ती कोणत्याही डॉक्टरला पहिल्या मिनिटाला सांग. कातडीवरची साधी जखम गुडघा वाकवण्याची वाट पाहत नाही, ती सारखीच ओलावते. हालचालीबरोबर पाणी येतं तेव्हा ते बहुतेक सांध्याच्या आतून येत असतं. सांध्याच्या पोकळीपासून कातडीपर्यंत एक बारीक वाट पडलेली असते, तिला डॉक्टर फिश्चुला म्हणतात. गावातली माणसं नासूर म्हणतात ते काही चुकीचं नाही. जी वाट आत कुठंतरी बंद होते तिला सायनस म्हणतात आणि जी आतल्या पोकळीला बाहेरच्या कातडीशी जोडते ती फिश्चुला. बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण तुझ्या कामात हा फरक लागणार आहे.

उद्या ड्रेसिंग करताना एक गोष्ट बघ. हात साबणानं धुऊन नवे हातमोजे घाल, त्या पाण्याचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धर आणि बोटं हळूच लांब कर. तार सुटली तर सांध्यातलं वंगण त्यात आहे. गढूळ असेल, वास येत असेल तर पू आहे. दह्यातल्या कण्यांसारखे पांढुरके तुकडे असतील तर क्षयाचा विचार आधी करायचा. यावरून निदान होत नाही, पण ओपीडीत "पानी येते जी" एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगितलंस तर पुढच्या तपासण्या नेमक्या होतील.

बाबांचं म्हणणं मला चांगलं समजतं. वेचणी चालू असताना शेतकरी माणूस गुडघा घेऊन बसत नाही. पण हे भोक दोनदा बुजून दोनदा फुटलं आहे. जे बुजतं ते वरचं तोंड. आत जे काही आहे ते तसंच राहतं, साचतं आणि पुन्हा बाहेर येतं. माझ्या उमेदवारीच्या काळात वर्ध्याकडच्या एका सालदाराच्या गुडघ्यावरचं असंच भोक मी छान कापून, टाके घालून बंद केलं होतं. आठव्या दिवशी तो बैलगाडीत पडून परत आला. गुडघा फुगलेला, अंगात ताप, आणि टाक्यांच्या शेजारीच नवं तोंड. पुढं सांध्याच्या आतल्या पडद्याचा तुकडा तपासला तेव्हा क्षय निघाला. मी दार लावलं होतं आणि घरातली आग तशीच होती. त्या माणसाचा गुडघा नंतर पूर्ण सरळ कधीच झाला नाही. म्हणून तुला कळकळीनं सांगतो, भोक कसं बुजेल हे कुणालाच विचारू नकोस. ते कशामुळं पडलं, हे विचार.

कशामुळं पडलं असेल? तुझ्या पत्रावरून माझ्या मनात तीन गोष्टी येतात.

पहिला संशय काट्यावर. बाबांनी काटा काढला, पण पूर्ण निघाला का? बोरीचा काटा आत मोडला तर त्याचा मिलिमीटरभर तुकडाही सांध्याचा पडदा महिनोन् महिने सुजवत ठेवतो. काटा एक्स-रेत दिसत नाही. लोक दोन-दोन एक्स-रे काढून "काही नाही" असा निर्वाळा घेऊन घरी येतात ते याचमुळं. सोनोग्राफीत मात्र तो सापडू शकतो. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना "इथं बोरीचा काटा गेला होता" असं जागा दाखवून सांग, नाहीतर त्यांची नजर फक्त पाण्यावर राहील.

दुसरा संशय साध्या पूजनक जंतूंचा. ते काट्याबरोबर आत गेले असतील किंवा सुजलेल्या गुडघ्यात दिलेल्या इंजेक्शनमुळं बळावले असतील. गुडघ्यात देतात ती दुखण्याची इंजेक्शनं बहुधा स्टेरॉइडची असतात. सांध्यात आधीच जंतू असतील तर स्टेरॉइडनं सूज दोन दिवस उतरते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

तिसरा संशय क्षयाचा, आणि तो मी शेवटी लिहिला म्हणून छोटा समजू नकोस. मांडी बारीक होणं आणि रात्री झोपेत कण्हणं या दोन खुणा तू नकळत लिहिल्या आहेस. जागेपणी गुडघ्याभोवतीचे स्नायू सांधा ताणून धरतात. झोप लागली की ते सैल पडतात, दुखरे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि माणूस कण्हत जागा होतो. सांध्याच्या क्षयात हे जुन्या काळापासून पाहिलेलं आहे. संध्याकाळी अंग कोमट होतं का, वजन उतरलं का, घरात किंवा शेजारी कुणाला क्षय होता का, हे आईला विचारून लिहून ठेव.

याशिवाय साखर तपासायचीच. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलची (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणीही करून घे. सिकलसेल असलेल्यांच्या हाडांत जंतू शिरतात तेव्हा जंतूही वेगळे निघतात, आणि औषध त्याप्रमाणं बदलावं लागतं.

कॅन्सरची भीती जरा बाजूला ठेव. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या नासुराच्या कडेला क्वचित कॅन्सर होतो हे खरं आहे, पण तो दहा-वीस वर्षांच्या जुन्या जखमांचा मामला असतो. दसऱ्यापासूनच्या भोकाला ते लागू नाही. तरी ऑपरेशनच्या वेळी कडेचा तुकडा तपासणीला पाठवतातच, त्यात हाही प्रश्न सुटतो.

आता तपासण्या. एक चूक मी शेकडो कागदांवर पाहिली आहे: भोकाच्या तोंडावर कापूस फिरवून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवायचं आणि जे उगवेल त्यावर औषध द्यायचं. त्या तोंडाशी कातडीवरचे सतरा जंतू राहायला आलेले असतात. खरा जंतू आत बसलेला असतो. म्हणून सुई भोकापासून दूर, चांगल्या कातडीतून सांध्यात घालून पाणी काढायचं, आणि शक्य असेल तर आतल्या पडद्याचा तुकडा घ्यायचा. तो तुकडा तीन ठिकाणी जायला हवा : साध्या कल्चरला, क्षयाच्या सीबीनॅट (जंतूच्या जनुकांवरून क्षय ओळखणारी मशीनवरची तपासणी) आणि कल्चरला, आणि पेशींच्या तपासणीला. इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. पेशींच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो. कल्चरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि रिपोर्ट कोरा येतो. तो सलाइनमध्येच हवा. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हातात बाटल्या देतात तेव्हा तू हे विचारू शकतेस, कुणी रागावणार नाही.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं होत नाही. हाडा-सांध्यात क्षयाचे जंतू फुफ्फुसापेक्षा फार कमी असतात, म्हणून पेशींचा रिपोर्ट सोबत वाचावा लागतो. एमआरआयनं वाट कुठून कुठं जाते, हाड पोखरलं आहे का हे कळतं. एमआरआय लगेच होत नसेल तर भोकातून रंगीत औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यालाही वाट दिसते. रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगात सूज किती आहे ते सांगणाऱ्या तपासण्या, आणि छातीचा एक्स-रे.

बाबा सध्या कोणती गोळी घेतात ते नाव बघ. लिवोफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर डॉक्टरांना आवर्जून दाखव. या गोळ्या क्षयाच्या जंतूंना अर्धवट दाबतात. रुग्णाला थोडं बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढं जातं. नमुना घेण्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवता आलं तर कल्चर खरं बोलतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण घरी बसून नाही. अंगात ताप असेल तर थांबणं योग्य नसतं.

उपचार कारणाप्रमाणं बदलतो, म्हणूनच मी कारणावर एवढा अडून बसलो आहे. काटा निघाला तर तो आणि भोवतीचा सुजलेला पडदा काढला की वाट बहुतेक वेळा भरून येते. पूजनक जंतू निघाले तर सांधा दुर्बिणीतून किंवा उघडून धुतात, मेलेला भाग आणि ती वाट कापून काढतात आणि कल्चरप्रमाणं औषध देतात, आधी शिरेतून, मग गोळ्या. सांध्यापुरतं असेल तर साधारण चार ते सहा आठवडे, हाडात गेलं असेल तर त्याहून जास्त. क्षय निघाला तर ऑपरेशन लागेलच असं नाही. औषधानंच पुष्कळ नासूर सुकतात. सरकारी पद्धतीत पहिले २ महिने चार औषधं, नंतर १० ते १६ महिने तीन, म्हणजे एकूण वर्ष ते दीड वर्ष. भोक दोन-तीन महिन्यांत बुजेल, आणि तिथंच बाबांना वाटेल की झालं. तिथंच तुला खमकं राहावं लागेल. औषध फुकट मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात, त्यासाठी पासबुक सोबत ठेव. सांध्याचा क्षय खोकल्यातून पसरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर बाबांचं ताट वेगळं करायचं कारण नाही, हे आत्याला, काकूला आधीच सांगून टाक.

पाय कापण्याची वेळ अशा रुग्णांत फार क्वचित येते. खरी भीती वेगळी आहे, गुडघा वाकलेला अडकून बसण्याची. दुखतं म्हणून घरचे मायेनं गुडघ्याखाली उशी देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दोन-तीन महिन्यांत पाय तसाच धरून बसतो. उशी आजच काढ. टाच थोडी उचललेली आणि गुडघा सरळ राहील असा पाय ठेवायचा. मेडिकलमध्ये लांब नी ब्रेस मिळतो, तो रात्री बांधावा. दिवसा मांडी आवळून पाच मोजायचं आणि सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून चारदा. मांडी वाचली तर पुढं चालणं वाचेल.

जखम सलाइननं पुसून कोरडा गॉज ठेवायचा. हळद, चुना, कापूर, गोळ्यांची पूड काही भरायचं नाही, आणि कापसाचा बोळा कोंबायचा नाही. भगंदरासाठी क्षारसूत्र घालतात तसं गुडघ्यालाही घालू, असं कुणी म्हटलं तर हात जोडून नाही म्हण. भगंदराची वाट आणि सांध्याची वाट वेगळी, दोरा सांध्यात गेला तर जंतूंना नवी शिडी मिळते. आणि एके दिवशी पाणी एकदम थांबलं, गुडघा फुगला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. आत कोंडलेला पू सांध्याची गादी काही दिवसांत खाऊन टाकतो.

कुठं न्यावं, तर तुम्हाला जवळ यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं हाडांचा विभाग आणि क्षयाची तपासणी एकाच आवारात होते. पुढं लागलं तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या (दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलावर जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कोणतं ऑपरेशन त्यात बसतं ते भरती होण्याआधी विचारून घे.

आता तुझ्या कोडचं. यात लाज कसली? तुझ्यासमोर कागदच चुकीचा होता.

क्लासमध्ये तुम्ही अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम ही रोगांच्या कोडची यादी शिकता. तिच्यात सांध्याचा फिश्चुला एम २५.१ मध्ये येतो, गुडघ्याला एम २५.१६, आणि शेवटचा आकडा बाजूचा : उजवा १, डावा २, बाजू लिहिलेलीच नसेल तर ९. म्हणजे बाबांचा एम २५.१६१. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये बाजूचा आकडा नाही. तिथं एम २५.१ ला गुडघ्याच्या भागाचा ६ जोडतात आणि थांबतात. दोन वह्या वेगळ्या आहेत, परीक्षेत आणि नोकरीत कोणती उघडली आहे ते आधी बघायचं.

पण एम २५.१६१ हे भोकाचं नाव आहे, रोगाचं नाही. जे ड्रेसिंगला लागू तेच कोडिंगला. कारण सापडलं की पहिली जागा त्याची. क्षय सिद्ध झाला तर ए १८.०२. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला तर उजव्या गुडघ्याला एम ००.०६१, आणि जोडीला जंतूचा कोड, साध्याला बी ९५.६१ आणि मेथिसिलिनला न जुमानणाऱ्याला बी ९५.६२. हाडातून नासूर वाहत असेल तर एम ८६.४ चं घर. कृत्रिम सांधा बसवलेला असता तर प्रश्नच वेगळा, तिथं उजव्याला टी ८४.५३ आणि पुढं भेट पहिली की नंतरची हे सांगणारं सातवं अक्षर. फिश्चुला सोबत लिहायचा का, हे डॉक्टरांनी तो वेगळा नोंदवला आहे का यावर ठरतं. काट्यालाही कोड आहे, डब्ल्यू ६०, काटेरी वनस्पतीच्या इजेचा. बोराटीची दखल तिथंही घेतली आहे.

'क्षयाचा संशय' एवढंच ओपीडीच्या कागदावर असेल तर अमेरिकन नियमात क्षयाचा कोड लावता येत नाही. तोवर जे नक्की आहे तेच लिहायचं, म्हणजे फिश्चुला. भरती रुग्णाच्या डिस्चार्जवर 'संभाव्य' लिहिलं असेल तर नियम वेगळा, तिथं तो सिद्ध धरून कोड करतात. हा फरक मुलाखतीत हमखास विचारतात. उपचारांच्या सीपीटी यादीत सुईनं सांध्याचं पाणी काढणं २०६१०, जंतूसाठी दुर्बिणीतून गुडघा धुणं २९८७१, उघडून धुणं किंवा आतली वस्तू काढणं २७३१०.

दावा का परत आला, ते यावरून तुझ्या लक्षात आलं असेल. 'न भरणारी जखम' म्हटलं की कोड एल ९७ च्या घरात जातो, आणि तो कातडीच्या व्रणाचा. विमा कंपनी विचारणारच, कातडीच्या जखमेला सांध्याचा खर्च कशाला? वर बाजू डावी आणि एक्स-रे उजवा. बाबांचा पाय कोणता हे तुला माहीत आहे, पण कोडरला फक्त कागदावरचंच माहीत असतं, आणि तेच बरोबर आहे. तेव्हा तू स्वतः कार्डावर खाडाखोड करू नकोस. त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाला अर्ज दे, सोबत उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेची आणि भरतीच्या वेळच्या केसपेपरची झेरॉक्स जोड, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची तारखेसह सही असलेलं दुरुस्त कार्ड माग. चूक बहुधा घाईत झाली असेल, भांडायला जाऊ नकोस, पण पोच घेतल्याशिवाय उठूही नकोस. ते कार्ड हातात आल्यावरच दावा पुन्हा पाठव.

हे काम भावावर सोपव आणि तू बाबांना घेऊन येत्या सोमवारी यवतमाळ गाठ. वेचणीचे चार दिवस शेजाऱ्यांना सांगून निघतील. जाताना बाबांना धोतरच नेसू दे, पँट नको, गुडघा दाखवायला सोपं जातं. आणि सकाळी पट्टी बदलू नकोस. रात्रभराचा डाग असलेली पट्टी डॉक्टरांनी स्वतः सोडवून पाहू दे.